वळसा

मासेरूत, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत
माझ्या पडद्यावर डोंगर सपाट असतात.
प्रत्येक दवाखान्याभोवती मी एक वर्तुळ काढते,
पाच किलोमीटरचं. आतले ते हिरवे, बाहेरचे लाल.
लाल ठिपके कमी करायचे,
याचाच मला पगार मिळतो.

हा-सेकोन्याना गाव हिरव्यात होतं.
दवाखाना हाकेच्या अंतरावर, कपाटात औषधं भरलेली,
तरी तिथल्या अकराजणांची चिठ्ठी
दर महिन्याला वटायची
दरीपलीकडे, सव्वीस किलोमीटरवर.
काखेत कळसा नि गावाला वळसा,
असंच काहीसं मी अहवालात लिहिलं,
अर्थात सरकारी भाषेत.

मग रेफिलोएला पाठवलं, मे माखोत्सोसोबत चालायला.
खिशात यंत्र: दर दहा सेकंदांनी एक ठिपका.
ठिपक्यांची रांग पहाटे चारला घरातून निघाली,
जवळच्या दवाखान्याच्या दारावरून गेली,
थांबली नाही.
उलट तिथे ठिपके विरळ झाले,
म्हणजे म्हातारी भरभर चालली.
मग चढ. मग नदी. मग पुन्हा चढ.
परतताना एका जागी
ठिपके साचले एकावर एक,
गुळाच्या खड्यावर मुंग्या साचतात तसे,
चाळीस मिनिटं.

यंत्र अडकलं असेल म्हणून
मी तो पुंजका पुसणार होते.
त्यासाठी बटण आहे. त्यावर लिहिलंय: स्वच्छ करा.

थांब, रेफिलोए फोनवर म्हणाली.
तिथे एक खडक आहे, मागे वारा लागत नाही.
मे माखोत्सो तिथे टेकते, घोंगडं सावरते,
बाटली उघडते, आणि गोळ्या
मोजून मोजून फडक्यात बांधते.
रिकामी बाटली खडकाखाली पुरते.
कारण बाटली वाजते.
चालताना खुळखुळ्यासारखी वाजते,
आणि गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे
कुठल्या आजाराच्या गोळ्या असा आवाज करतात.

आणि जवळचा दवाखाना?
तिथे खिडकीत बसते तिच्या सुनेची बहीण.
"पोर गुणी आहे," म्हातारी म्हणाली म्हणे,
"पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

खडकाखाली एकट्या तिच्याच बाटल्या नव्हत्या.
किती होत्या, मोज, असं मी म्हणणार होते.
जीभ चावली.

त्या रात्री पडदा मोठा करत गेले.
ठिपक्याखाली छप्पर दिसलं, पत्र्याचं, वर दगड ठेवलेले.
दोरीवर वाळत घातलेलं काहीतरी.
हा नकाशासुद्धा वाजतो,
माझ्या लक्षात आलं.
इतकी वर्षं मी तो हातात घेऊन
साऱ्या कचेरीभर हिंडत होते.

मग प्रत्येक ठिपका ढकलला तीन-चारशे पावलं,
कुठल्याही दिशेला, डोळे मिटून.
कुणी ओढ्यात पडला, कुणी मक्यात.
न्ताते मोखेथी म्हणाले, अचूकता का घसरली?
म्हटलं, मीच घसरवली. दार लावा, सांगते.

आता गोळ्या लोकरीच्या गोदामात मिळतात.
तिथे सगळेच जातात: मोहेर विकायला, मीठ घ्यायला,
फोन भरायला, नुसतं शेकोटीला बसायला.
पुडी कागदाची. वाजत नाही.
तिथून कोण काय घेऊन निघालं,
याचा हिशेब कुणाच्या डोळ्यांना ठेवता येत नाही.

पहिल्या महिन्यात अकरापैकी आठ आले.
दोघं जुन्याच वाटेने गेले, जाऊ देत.
एकाचं अजून कळलेलं नाही.

मे माखोत्सो पुडी गोदामातून घेते
आणि तरीही दरी ओलांडते.
पलीकडे तिची मैत्रीण आहे,
ती जोंधळ्याची बियर फार छान करते.
माझ्या तक्त्यात या कारणाला रकाना नाही.

यंत्र आम्ही परत घेतलंय.
त्यामुळे दवाखान्यासमोरून जाताना
तिचे ठिपके हल्ली दाट पडतात की विरळ,
मला कळायला काही मार्ग नाही.