परिशिष्ट सात

मी मासे मोजले. इतकंच.
बोथनियाच्या आखातावरचा बर्फ फुटला
की त्या दिवसापासून
जूनच्या न मावळणाऱ्या रात्रींपर्यंत,
मुस्तानोक्काच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात,
छातीपर्यंत रबर चढवून,
बारीक जाळीत येतील ती सीका माशाची पिल्लं.
पिल्लं कसली,
दोन डोळे
आणि त्यांच्यामागे थोडंसं पाणी.

असे दोन वसंत.
एका ओढीला एकशे बारा, एकोणचाळीस, सहा,
एका रात्री एकही नाही.
त्या रात्री वारा उत्तरेचा होता.
तेही लिहिलं. वाऱ्याला वेगळा रकाना असतो.

अहवाल सोळाशे पानांचा झाला.
माझे दोन्ही वसंत परिशिष्ट सातमध्ये, तक्ता तेवीस.
गरम पाणी कुठवर पसरेल,
पंप किती पिल्लं आत ओढतील, सगळं मांडून
शेवटच्या रकान्यात एकच शब्द:
अल्प.
तो मी लिहिलेला नाही.
खोटाही नाही.

सुनावणी शाळेच्या व्यायामशाळेत होती.
कोपऱ्यात हॉकीच्या काठ्या, भिंतीवर दोऱ्या.
कंपनीने कॉफी ठेवली होती, वेलचीचा गोड पाव ठेवला होता.
लोकांनी ती प्यायली, तो खाल्ला,
आणि मग विरोध केला.
सगळ्यांनी नाही.
एएलिस पुरोला म्हणाला, करवत गिरणी बंद पडून सहा वर्षं झाली,
या शाळेत आता एकवीस मुलं आहेत,
पुढच्या वर्षी माझी दोन धरून एकोणीस.
कशी, ते त्याने सांगितलं नाही.
कोणी विचारलंही नाही.

मग लेम्पी हिल्टुला उठली. वय चौऱ्याऐंशी.
पिशवीतून तिने एक लोखंडी कडी काढली,
गंजून पापडासारखी झालेली,
आणि अध्यक्षांच्या कागदांवर ठेवली.
आजोबा हिला नाव बांधायचे, म्हणाली.
काल मी ही ब्लूबेरीच्या झुडपांतून उपटून आणली.
तिथून पाणी तीनशे पावलं आहे.

इथं सगळ्यांना ठाऊक आहे ते:
हिमयुगाचं ओझं उतरून दहा हजार वर्षं झाली,
जमीन अजून पाठ सरळ करते आहे.
वर्षाला आठ मिलिमीटर.
दोन महिने न कापलेलं नख.

तुमच्या नकाशातला किनारा कुठल्या सालचा?
'मागच्या मोजणीचा.'
भट्टी किती वर्षांची?
'साठ.'
आणि तिची राख?
इंजिनियर बाईंनी चष्मा काढला, पुसला.
'ती खडकात. लाख वर्षं.'
मग ही कडी कुठं ठोकू, लेम्पी म्हणाली, तेवढं सांगा.

कोणीतरी हसलं. फार मोठ्याने नाही.
इंजिनियर बाई म्हणाल्या,
जमिनीचं उचलणं हिशेबात धरलेलं आहे,
परिशिष्ट अकरा.
मी परिशिष्ट अकरा वाचलं होतं.
बरोबर आहे.
लेम्पीने मान हलवली, कडी उचलली.
कागदांवर तांबडं वर्तुळ राहिलं,
ते इतिवृत्तात आलं की नाही, मला माहीत नाही.

नोव्हेंबरात परवाना आला, एकेचाळीस अटींसह.
सतरावी अट माझी.
म्हणजे माझ्या तक्त्याची:
बर्फ फुटल्यापासून आठ आठवडे
पंपांचा वेग निम्मा,
तोंडाशी दोन मिलिमीटरची जाळी.
दहा दिवसांच्या पिल्लाचं डोकं दीड मिलिमीटर असतं.
हे मी कळवलं.
पत्र पोहोचल्याचं उत्तर आलं, नम्र, क्रमांकासह.

यंदाही मी गेले. आता देखरेखीसाठी, पगार तोच.
तोच दगड, तेच रबर, तीच खूण.
मागे काठावर एएलिस पिवळं शिरस्त्राण घालून
ट्रकला मागे या, मागे या करत होता. त्याने हात केला.
मीही केला.

पाणी गुडघ्याच्या जरा खाली लागलं.
वारा असेल.
वाऱ्याचा रकाना भरला.
दुसऱ्या शंकेला रकाना नव्हता.

जाळं सोडलं.