उघडलेली बिळं

संध्याकाळी सगळी बिळं बुजवायची,
ओल्या मातीचा गोळा, वर टाचेचा दाब.
सकाळी जाऊन मोजायचं, किती उघडली.
एवढंच माझं काम, हंगामभर, रोजंदारीवर.
प्रकाशाच्या रस्त्याला, गोमाईच्या काठची
चार एकर दादर,
आणि कृषी सहाय्यकाने दिलेली वही.
वहीत दोन रकाने: बुजवली, उघडली.

पहिल्या संध्याकाळी त्रेसष्ट बुजवली.
सकाळी अठ्ठेचाळीस उघडी,
तोंडाशी ताजी माती, चाळलेल्या पिठासारखी.
उरलेल्या पंधरांत कोणी नव्हतं,
किंवा होतं, आणि त्याला घाई नव्हती.
वहीला तिसरा रकाना नाही.

शेजारचा ऊस तुटला त्या आठवड्यात आकडा वाढला.
कारखान्याच्या ट्रका गेल्या, मागे पाचट पेटलं
आणि बांधाच्या पोटाला रातोरात नवी दारं पडली.
"कुठून येतात एवढे?" सुकलाल अण्णा म्हणाले.
मी जळक्या रानाकडे बोट केलं.
तो ऊसही त्यांचाच होता.

दादर पोटरीत होती तोवर ताटं पडत होती,
तिरका काप, विळ्याने घ्यावा तसा.
मग दाण्यात दूध भरलं
आणि त्याच सुमाराला बिळांत पिल्लं आली.
त्या मादीला कोणी सांगितलं
कणीस कधी भरतं ते?
आमच्याकडे पंचांग आहे, मोबाईलवर हवामान आहे,
तरी निम्मा गाव पेरणीला चुकतो.

मोटारीच्या खोलीत पूर्वी गव्हाणी घुबड राहायचं.
अण्णांच्या भाच्याने ते दगड मारून हुसकलं,
पांढरं तोंड, घराकडे बघतं म्हणून.
खाली अजून पडल्यात त्याने ओकलेल्या करड्या गोळ्या.
एक फोडली.
केसांच्या गुंत्यात तीन कवट्या,
दात नारिंगी, अजून धारेचे.
समासात लिहिलं: तीन.
सहाय्यकाने विचारलं, हे काय?
म्हटलं, जुना हिशेब.

मग झिंक आलं.
आधी दोन दिवस नुसती भरड, गोडं तेल लावून.
खाऊ द्यायचं. विश्वास बसू द्यायचा.
ते माझ्याच हाताने घातलं, बिळाबिळाशी वाकून.
तिसऱ्या रात्री त्याच भरडीत
काळी पूड, लसणाच्या वासाची.
सकाळी नऊ उघडी.
सही झाली, फोटो निघाला.

पंधरा दिवसांनी एकतीस.
पुन्हा घातलेली भरड तशीच पडून.
जे मळमळून वाचले होते
ते तो वास शिकले होते.

कापणी झाल्यावर जमनीबाई आली, कुदळ घेऊन.
तिने वही मागितली नाही.
दांड्याने जमीन ठोकत गेली, एका जागी थांबली,
आधी पळवाट शोधली,
पापुद्र्याएवढ्या मातीखाली झाकलेली,
तिच्यावर दगड ठेवला, मग खणायला लागली.
हातभर खाली कोठार.
कणसं रचलेली, सगळ्यांची तोंडं एकीकडे,
एकही दाणा सांडलेला नाही.
अडीच पायल्या भरली.
"हाऊ बी कापनी करस, बाई," ती म्हणाली,
"फक्त त्यानी हजेरी नही लागस."

मोठे दोन तिने फडक्यात बांधले.
आतल्या खोलीत गवताच्या गादीवर सहा पिल्लं,
गुलाबी, डोळे न उघडलेली.
ती बांधावर काढून ठेवली.
मुंगसासाठी की उन्हासाठी,
मी विचारलं नाही.
तिने सांगितलंही नाही.

शेवटच्या दिवशी रोटाव्हेटर फिरला.
काळी माती उलटी होऊन पडली, बिळं आतल्या आत मिटली.
बांध तेवढा राहिला. बांध कोणीच नांगरत नाही.
तिथे एक बीळ दिसलं.
सवयीने गोळा केला, टाच दिली,
वही तर केव्हाच जमा झाली होती.

दुसऱ्या दिवसाची हजेरी नव्हती.
तरी गेले.