नातं या रकान्यात

पंचनाम्याची भाषा माझ्या हाडात गेलीय,
म्हणून आधी वेळ आणि ठिकाण:
देगलूर, सरकारी दवाखान्याच्या मागं, चिरफाडीची खोली.
वैशाख. रात्रीचे सव्वादोन.
लाइट नाही.
शिवारातली डीपी फोडून कुणीतरी तांबं नेलेलं,
त्या नादात एकजण तिथंच चिकटला.
तो टेबलावर. अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस.

इरबा पायरीवर बसून तंबाखू मळत होता.
चाळीस वर्षं त्यानं मेलेली माणसं शिवली,
म्हणून जिवंतांनी त्याचा कप वेगळा ठेवलेला,
टपरीच्या वळचणीला, उपडा.
बायको होती म्हणतात. अंगाला वास येतो म्हणून गेली.

मागच्या खिडकीतून दुसरा उतरला.
मांजरेच्या पलीकडचा, तोंडात तेलगू,
उजवा हात तळव्यापासून मनगटापर्यंत उकललेला.
चोर परत आला होता, जोडीदाराला बघायला.
इरबा ओरडला नाही.
एवढंच विचारलं, “याचं नाव काय रं?”
पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधायची होती
आणि कोऱ्या चिठ्ठ्या बांधून बांधून
त्याची बोटं विटली होती.
“यादगिरी.”
मग कुणी न विचारता स्वतःचंही सांगितलं:
नरसिमलू.

इरबानं सुई काढली. तीच, दाभणाएवढी. दोराही तोच.
“मला येवढंच येतंय,” म्हणाला.
पहिल्यांदाच सुईखालचा माणूस ओरडला
आणि इरबा घाबरून बाहेर पळाला.
परत आला. फुंकर घालत घालत शिवत राहिला.

पहाटेपर्यंत दोघांनी बर्फाच्या लाद्या वाहिल्या,
एकानं दोन हातांनी, एकानं एका.
ज्यानं लाइट घालवली त्यानंच बर्फ भरला.
मग इरबानं डबा सोडला. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी.
नरसिमलूनं डावा हात सरळ डब्यात घातला,
हाताला हात लागला.
इरबाचा घास तोंडापाशीच थांबला.
(हे मला कसं ठाऊक, ते पुढं.)

सकाळी मी गेलो. चिठ्ठीवर नाव.
“कुणी सांगितलं?”
“त्यानंच,” टेबलाकडं बोट करून इरबा म्हणाला.
फरशीवर भाकरीचा चुरा होता
आणि खिडकीखाली रक्ताचे चार थेंब, ताजे.
मी ते लिहिले नाहीत.
का, ते विचारू नका. ऊन फार होतं.

तीन वर्षांनी इरबा गेला, पोळ्याच्या आदल्या रात्री, झोपेत.
त्याच टेबलावर आणला. शिवायचं काम पडलं नाही.
चिठ्ठीवर नाव होतं, वारस नव्हता.
बहात्तर तास थांबायचं असतं.
एकाहत्तराव्या तासाला
ठाण्याच्या पायरीशी चपला काढून एकजण उभा.
पाच गुन्ह्यांत पाहिजे असलेला.
“बॉडी मला द्या.”
“कोण लागतोस तू त्याचा?”
लिहिता येत नव्हतं त्याला. तू सांग, मी लिहितो, म्हटलं.
तो बराच वेळ घड्याळाकडं बघत राहिला.
मग मोडक्या मराठीत,
“एक डब्बा. खाल्लं.”

लेंडीच्या काठी पुरलं. खड्डा त्यानंच खणला.
येताना ती रात्र सगळी सांगितली, बर्फासकट.
पिक्चर असता तर इथं मी तोंड फिरवलं असतं
आणि तो उसात शिरून दिसेनासा झाला असता.
मी बेडी काढली. नोकरीची दोन वर्षं राहिली होती.
बेडी नीट बसेना.
टाक्यांचे वळ आडवे येत होते,
जाड, बोटा-बोटाच्या अंतरावर,
मेलेल्याला घालतात तसे.
एक दाता सैल सोडला.

अर्जात आधी मी ‘मित्र’ लिहिलं होतं.
मग खोडलं.
साहेबांनी खाडाखोडीचा लेखी खुलासा मागितला.
तो अजून द्यायचाय.