रेषेची जाडी

पाच हजारास एक, हे आमच्या नकाशाचे प्रमाण.
म्हणजे माझ्या पेनाची अर्ध्या मिलिमीटरची रेष
जमिनीवर उतरली की अडीच मीटर रुंद होते.
हे मला कुणी सांगितले नव्हते.
नोकरीच्या अकराव्या वर्षी
दुपारी डबा पुसताना सहज हिशेब मांडला,
आणि तेव्हापासून हात थोडा जड पडतो.

अडीच मीटरांत म्हापशात काय काय मावते?
चुना लावलेला खुरीस, मेणबत्त्यांच्या काजळीसकट.
शेजारच्यांची तुळस.
आडवी लावलेली स्कूटर, आणि तिच्यावरून झालेले भांडण.
कायतान पदेराची भट्टी पुरती मावत नाही,
तिचे तोंड तेवढे मावते.
पोट निवासी, पलीकडची खिडकी व्यापारी.
म्हणून पहाटे चारला पीठ मळले जाते नियमबाह्य
आणि पाव बाहेर पडतो कायदेशीर.

रंग ठरलेले आहेत.
पिवळा वस्तीचा, निळा बाजाराचा,
जांभळा कारखान्यांचा, तो फारसा लागत नाही.
हिरवा बागायतीचा. हिरव्याची बाटली लवकर संपायची,
आता दोन-दोन वर्षे पुरते.

हरकतींना साठ दिवस होते.
अठ्ठावन्नाव्या दिवशी पिएदाद आली,
शुक्रवारच्या बाजारात चोरिसांच्या माळा विकते ती.
तिने नकाशावर बोट ठेवले, शिरक्याचा वास असलेले,
खोर्लीच्या उतारावर फिरवत नेले
आणि विचारले,
"बाय, म्हजी बांय खंय?"

मी तिला भिंग दिले.
घर पिवळ्यात होते.
वरचा काजूंचा उतार हिरव्यात.
विहीर माझ्या रेषेखाली.

नियमावली चाळली. मजले होते, उंची होती,
चटईक्षेत्राचे कोष्टक, कुंपणाची भिंत किती,
शेजाऱ्यापासून अंतर किती, किती सदनिकांना किती मोटारी.
रेषेखाली पाणी असेल तर काय,
ते पान नव्हते.
नागवेकर साहेब म्हणाले, लिहून घ्या. विचारार्थ.
मी लिहिले: हरकत क्रमांक दोनशे सात.
विषय: विहीर.

पावसाळ्यानंतर एक आदेश आला, दीड पानी.
खोर्लीच्या उतारावरचा हिरवा रंग
नजरचुकीने पडला होता, तो दुरुस्त करावा.
अठरा हजार चौरस मीटर काजू
इतकी वर्षे नजरचुकीने मोहरत होते.
मी ब्लेडने हिरवा खरवडला. कागद पातळ झाला.
वर पिवळा दिला, दोन हात.
दोन्ही बाजू पिवळ्या,
मग मधली रेष ठेवून करायचे काय?
तीही खरवडली.

दोनशे सातची फाइल त्याच संध्याकाळी बंद झाली.
शेरा: सदर विहिरीवर आता कोणतीही रेषा नाही.
सबब हरकत निकाली.

पत्र मिळाल्यावर पिएदाद आली
ती नव्या कपड्यांत, लिपस्टिक लावून.
तिला वाटले, आपण जिंकलो.
"म्हजी बांय सुटली," म्हणाली, "देव बरें करूं."
आणि टेबलावर ठेवली माळ,
लालबुंद, कागदात गुंडाळलेली.
वरच्या उताराचा रंग तिने विचारला नाही.
मी सांगितला नाही.
जाताना तिने शिपायालाही हात जोडले.

मी मासळीसुद्धा खात नाही.
माळ खिडकीच्या खिळ्याला टांगून ठेवली,
उद्या कुणाला तरी देईन म्हणून.
दुपारभर कचेरीला शिरक्याचा वास येत होता.
मी आसगावचा तक्ता उलगडला,
पेन झटकले,
आणि रेष ओढण्याआधी, पहिल्यांदाच,
कागदाखाली हात घालून चाचपून पाहिले
काही ओले लागते का.