जॉइंट कस्टडी

नवतपाचा चौथा दिवस, दुपारचे पावणेदोन.
कूलरच्या टाकीत पाईप सोडायला म्हणून बाहेर आलो
आणि मागे दार लागलं.
आवाज अगदी लहान,
जिभेनं टाळूवर केलेला टक्.

आता मी नंदनवनच्या गल्लीत उभा आहे.
बनियन, पट्ट्यापट्ट्याची चड्डी,
एका पायात माझी चप्पल, एका पायात शैलाची.
हातात पाईप. तो सुरूच आहे.

एकतीस वर्षं बँकेत तिजोरीची चावी सांभाळली मी.
एक माझ्याकडे, एक मॅनेजरकडे,
दोघं सोबत उभे राहिल्याशिवाय
ते लोखंड कुणाच्या बापाला उघडत नसे.
करदोड्याला बांधून झोपायचो.
लग्नाच्या रजेवर जाताना चार्ज दिला, सही घेतली,
तरी पहिल्या रात्री झोपेत कंबर चाचपत होतो.
"काय शोधून राहिले जी?" शैलानं विचारलं.
आमचं पहिलं बोलणं ते.

घराचं कुलूप मी तीनदा ओढून पाहायचो,
कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचो, चौथ्यांदा ओढायचो.
ती ऑटोत बसून राहायची पर्स मांडीवर घेऊन.
एकाही सिनेमाची सुरुवात आम्ही पाहिलेली नाही.

आणि तिची चावी?
फ्रिजवर. कणकेच्या डब्यात. शिवणाच्या पेटीत.
एकदा तर सांबाराच्या जुडीसोबत फ्रिजच्या आत,
दोन दिवसांनी सापडली तेव्हा
हाताला गार लागली, वास हिरवा.
मी केवढा ओरडलो होतो.
ती म्हणाली, हरवली नव्हती बाप्पा, घरातच होती.

घरातच आहे आताही. खुंटीला.
तिच्या शेजारी तितरमाऱ्यांची चावी.
तितरमारे तुमसरला लग्नाला गेले,
जाताना चावी आमच्याकडे ठेवली.
आमची जास्तीची चावी त्यांच्या देवघरात.
म्हणजे दोन्ही घरं एकमेकांच्या भरवशावर
कडेकोट बंद.

आत फोन वाजतो.
शैलाच असणार, पुण्याहून.
पोरीच्या बाळंतपणाला गेली, दीड महिना झाला,
रोज दोनच्या सुमारास विचारते, जेवले का.
वाजतो, वाजतो, थांबतो. पुन्हा वाजतो.
कुणाचा फोन मागून तिला कळवावं म्हटलं तर
नंबर आठवत नाही.
तिजोरीच्या चावीचा आठवतो: चव्वेचाळीस सतरा.

गल्लीत कुत्रंसुद्धा नाही.
डांबर मऊ झालंय, चप्पल उचलताना चटक् वाजते.
मेश्रामांचा सुगत तेवढा सायकल घेऊन आला,
ओठ गोळ्यानं लाल.
"काका, काय करून राहिले उन्हात?"
"दार लागलं."
"मंग कूलर सरकवा न."

मी त्याच्याकडे पाहिलं.
मग खिडकीकडे.
मार्चपासून पाऊस येईपर्यंत
या शहराच्या अर्ध्या खिडक्यांमध्ये गज नसतात,
पत्र्याची एक पेटी असते
आणि वाळ्याच्या तीन ताट्या.
आणि मी चार वेळा कुलूप ओढत होतो,
एकतीस उन्हाळे.

दोघांनी मिळून स्टँड ओढला.
टाकीतलं पाणी माझ्या पायांवर सांडलं, गार.
सुगत त्या फटीतून आत गेला,
आधी डोकं, मग खांदे, मग
एक तळवा क्षणभर खिडकीत राहिला.

मी दाराशी येऊन उभा.
आतून कडीचा आवाज. दार चार बोटं उघडलं,
फटीत लाल ओठ:
"कोण पाहिजे जी?"

पोट्टा मोठा वस्ताद.
मी म्हणालो, "शैला आहे का घरी?"

त्यानं मागे वळून घर पाहिल्यासारखं केलं,
हॉल, स्वयंपाकघर, खुंटी.
"नाही. पुण्याला गेल्या.
नंतर या."
आणि दार लोटायला लागला.

मी पाय मध्ये घातला.
तिची चप्पल होती त्या पायात.