बाकी सगळं स्थिर

रात्री सव्वाअकराला आईचा फोन येतो.
तेव्हा तिला सुट्टी असते, बारा मिनिटांची.
मागे इस्पितळाच्या लाँड्रीतली यंत्रं
श्रीव्हपोर्टहून थेट इथवर, इंडियानाच्या बर्फात, धडधडत येतात.
"हं, सांग, आज काय शिकलीस?"
जणू वर्गाचं हजेरीपुस्तक तिच्याच हातात.

मी सांगते. तिला कळत नाही, हे दोघींनाही ठाऊक आहे.
तरी मध्येच म्हणते, "थांब. एक पायरी गिळलीस तू."
आणि खरंच गिळलेली असते.
बावीस वर्षं चादरी मोजतेय ही बाई;
एक कमी पडली तर तिला गठ्ठ्याच्या उंचीवरून समजतं.

वर्गात एकशे चाळीस खुर्च्या.
माझ्या रंगाची मी, आणि मागच्या रांगेत ओसारो.
आम्ही एकमेकांना मान हलवतो, बस्स.
प्रयोगशाळेत जोड्या लागतात तेव्हा
माझ्या शेजारची खुर्ची सगळ्यांत शेवटी भरते.
हे मी आईला सांगत नाही.
ती विचारते, "जेवताना कुणी असतं ना गं सोबत?"

माझ्या कॅल्क्युलेटरला तळलेल्या माशांचा वास येतो.
म्हणजे येत नाही. मला येतो.
चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात ओडेल मावशीनं
सहा शुक्रवार कॅटफिश तळला,
आठ डॉलरला ताट, पाव फुकट.
सातव्या शुक्रवारी तिनं मला एक पाकीट दिलं,
नोटा पिठाळ, मोजून सरळ केलेल्या.
"उरले तर मोजे घे," म्हणाली.

आणि क्लिओटिसकाका.
त्याच्या सलूनच्या आरशाला माझं प्रवेशपत्र अजून चिकटलंय.
गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधता बांधता सांगतो,
"ही आमची पोरगी. पूल बांधणार आहे."
मी पूल बांधणार नाही, काका,
नळातून पाणी कसं वाहतं ते शिकतेय मी.
दोनदा सांगून झालं.
"पाणी आहे ना? मग वर पूल लागणारच."

ऑक्टोबरात आंशिक विकलन आलं.
आईला म्हटलं, बघ, पुष्कळ गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात,
तेव्हा एकच बदलू द्यायची
आणि बाकी सगळं स्थिर धरायचं.
यंत्रं धडधडत राहिली.
मग ती म्हणाली, "बाकी सगळं म्हणजे आम्हीच की."
हसून म्हणाली. बारा मिनिटं संपली.

मला झोप लागली नाही.
कारण स्थिर कुणीच नव्हतं.
ब्लीचनं तिच्या बोटांची पेरं फुटत होती.
काकाला वस्तरा धरताना चष्मा बदलावा लागत होता.
आणि लुशियस, माझा भाऊ,
वेल्डिंगचा कोर्स "पुढच्या वर्षी" म्हणत
तिसऱ्या वर्षी गोदामात खोकी उचलत होता,
कारण घरातून एका वेळी एकाचीच फी जाते.
स्थिर धरणं ही सोय असते, सर म्हणाले होते,
गणितापुरती.
कुणाची सोय, ते फळ्यावर नव्हतं.

नोव्हेंबरात पुढचा धडा.
त्यात सगळंच बदलतं, एकाच वेळी,
आणि प्रत्येकाचा वाटा मोजून बेरीज करावी लागते.
हे मी आईला सांगितलं नाही, आधी लुशियसला सांगितलं.
तो म्हणाला, "बरं." मग बराच वेळ काहीच नाही.

रविवारी त्यानं एक फोटो पाठवला.
माशांच्या ऑर्डरी लिहिलेल्या कागदाची मागची बाजू,
त्यावर अपूर्णांकांची चार उदाहरणं,
अक्षर अगदी कोंबडीचे पाय.
कोर्सची प्रवेशपरीक्षा फेब्रुवारीत आहे, इतकंच खाली.

बाहेर बर्फ पडत होता. मला प्रयोगाचा अहवाल लिहायचा होता.
मी तो बाजूला सारला
आणि त्याला फोन लावला.
"तिसरी ओळ बघ," म्हटलं,
"एक पायरी गिळलीस तू."