स्थापना

फ्लेक्स यायच्या आधी
या गावातल्या निम्म्या मिसळींचं वय
मी ठरवलंय.
मी, पेंटर सुपडू.
जुन्या बोर्डांच्या उजव्या कोपऱ्यात
बारीक अक्षरात अजून सापडेन,
पिंपळपारापासून पार मालेगाव स्टँडपर्यंत.

दौलत चोथवे आला, म्हणाला, स्थापना लिही.
साल?
आबा सांगायचे, प्लेगनंतरचं.
म्हटलं, प्लेग बोर्डावर बरा दिसत नाही.
मग दोघांनी मिळून एक साल काढलं, १९२९.
त्यात दोन नऊ होते.
नऊ काढायला मला आवडतात,
पोट गोल, शेपूट ऐटीत.

आठवड्याच्या आत समोरचा वाळेकर.
त्याच्या आधीचं टाक.
किती आधीचं?
तूच सांग, तीन वर्षं पुरतील?
मी पाच दिली.
चहा त्याचा होता.

शिडीवर उभं राहिलं की माणसं खालून बोलतात,
वर बघत, देवाशी बोलावं तशी.
गंगेवरचा चिवडेवाला सांगायचा,
पणजोबांनी पोहे वाळत घातले आणि विसरले.
विसरण्यातून काय काय निघालं या गावात!
काळ्या मसाल्याचं तर विचारूच नका.
नवी सून होती, खोबरं करपलं,
गिऱ्हाईक दारात,
सासरा म्हणाला, आमच्याकडं असंच असतं,
आणि गिऱ्हाइकानं रस्सा परत मागितला.
ही गोष्ट मी तीन दुकानांत ऐकली.
तिन्हीकडं सासऱ्याचं नाव, गाव, पगडीचा रंग.
सुनेचं नाव विचारलं की
कढईत झारा जोरात फिरायचा.

तांबट लेनमध्ये चिंधाबाई बसायची.
नवऱ्याचा हातोडा थांबला
तेव्हा भट्टीतले कोळसे विझू द्यायचे नाहीत म्हणून
तिनं त्यावर पातेलं ठेवलं.
बोर्ड नाही, बाक नाही,
ठोक ठोक चालू असलेल्या दुकानांच्या मधे
एक चूप जागा, आणि तिथं रांग.
मटकीला मोड असे की
पोरं म्हणत, बाई, ही उद्या चालायला लागेल.
पाव भद्रकालीतल्या इस्माईलचा,
तो स्वतः आणून द्यायचा आणि खाऊनच जायचा.

एकदा मी तिला सुनेची गोष्ट सांगितली, गंमत म्हणून.
ती मसाला भाजत होती.
खोबरं तांबूस झालं, तपकिरी झालं,
मी म्हटलं, बाई, उतरवा.
तिनं उतरवलं नाही.
माझ्याकडं न बघता हलवत राहिली,
धुरानं माझे डोळे भरले, तिचे नाही.
मग एका क्षणी, कुठल्या ते मला कळलं नाही,
खाली घेतलं, म्हणाली,
करपलं नव्हतं रे.
भाजलं होतं.

मी म्हटलं, फुकट बोर्ड करून देतो,
स्थापना, साल, सगळं.
नको, म्हणाली. एकच शब्द लिहून दे,
रोज साडेदहाला लोकांना तोंडानं सांगून दमते.
तेलाच्या डब्याचा पत्रा कापला,
लाल रंगात मोठ्ठं लिहिलं,
संपली.

आता तिच्या नातवाचं हॉटेल आहे गंगापूर रोडला,
द्राक्षांच्या मळ्यात, झोपाळ्यासकट.
फ्लेक्सवर १८९७, आणि मिशीवाला एक म्हातारा,
तो कोण ते नातवालाही माहीत नाही,
फोटो प्रिंटरवाल्यानंच टाकला.
परवा मला विचारत होता,
काका, खरं साल कोणतं हो?

पत्रा माझ्याकडं आहे.
घर आवरताना त्यांनी भंगारात टाकला होता.
समोरचा ‘सं’ उडालाय, नुसतं ‘पली’ उरलंय.
पण मागं, जिथं ती धरायची,
तर्रीनं माखलेला अंगठा उमटलाय.
टर्पेंटाइन लावून पाहिलं, हलत नाही.
एवढी एकच तारीख आहे नाशकात
जी मी काढलेली नाही.